उभ्या गाडीचा महिमा

बार्शी लाइट रेल्वे १९२७ साली मिरजेला पोचली. अडीच फुटी रुळांवर वाफेची इंजिनं धापा टाकत पंढरीचे वारकरी वाहायची, तेव्हा त्यांना कुणी हार घातला नाही. आता असली इंजिनं चौथऱ्यावर चढवून, रंगवून, कुंपणात घातली की सांगली-साताऱ्याची मंडळी दिल्लीच्या संग्रहालयापर्यंत जाऊन, तिकीट काढून दर्शन घेतात. धोरण वंदनीय आहे. उभ्या इंजिनाला उशीर होत नाही, अपघातही नाही. सबब नम्र सूचना: सर्वच गाड्या चौथऱ्यावर घ्याव्यात. प्रयोगादाखल साताऱ्याअलीकडे क्रॉसिंगला थांबलेली पॅसेंजर रंगवायला घेतली. रंगाचा दुसरा हात वाळला, फीत कापली, प्रमुख पाहुण्यांचं भाषणही उरकलं; सिग्नल अजून मिळायचा आहे.