शेंगेच्या गोंदाचं वेड

मुलीच्या खोलीत नवं कपाट बसवलं, त्या रात्री ती डोळे चोळत म्हणाली, "बाबा, कांदा कोण चिरतंय?" सकाळी सुतारमामांना फोन केला. "नव्या मालाला वास येतोच, साहेब. दारं उघडी टाका, पंधरा दिवसांत जाईल." पंधरा दिवसांत वास गेला. म्हणजे, आमच्या नाकांना सवय झाली.

कपाट एमडीएफचं होतं. लाकडाचे बारीक तंतू त्यात बहुतेक वेळा यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिननं धरून ठेवलेले असतात. या रेझिनचे बंध ओलाव्यानं आणि उष्णतेनं सुटत जातात आणि फॉर्मल्डिहाइडचा वायू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, खोलीत झिरपत राहतो. आपल्याकडच्या पावसाळी, कोंदट हवेत तर त्याला आयतंच रान मिळतं. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच दिला आहे.

तरीही शहाण्यांचा हिशेब चोख आहे. हे रेझिन स्वस्त आहे, त्याला रंग नाही आणि गरम प्रेसमध्ये ते काही मिनिटांत पक्कं होतं. ते सोडून सोयाबीनच्या पिठानं लाकूड चिकटवायला कोण जाईल? वेडेच जातील. त्या वेड्यांची स्तुती करायला मी आज बसलो आहे, आणि तीत एकही शब्द वरवरचा नाही.

पहिला वेडा कायचांग ली. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात लाकूडशास्त्राचा प्राध्यापक. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर त्यांनी पाहिलं, लाटा खडकावर आपटत होत्या आणि खडकाला धरून बसलेले शिंपले जागचे हलत नव्हते. कोकणात आपण ज्यांना शिणाणे म्हणतो, त्याच कुळातले. शिणाणे साफ केलेल्या माणसाला शिंपल्यांच्या फटीतून बाहेर आलेला चिवट तंतूंचा झुबका आठवेल. नखात धरून ओढावा लागतो, बोटं लाल होतात, मग कुठे तो निघतो. ते तंतू प्रथिनांचे असतात आणि खाऱ्या पाण्यात भिजूनही धरलेलं सोडत नाहीत. लींना प्रश्न पडला : मग पाण्याला घाबरणाऱ्या सोयाबीनच्या प्रथिनाला हा गुण का शिकवता येऊ नये? शिंपल्यातलं प्रथिन महाग आणि मूठभर, सोयाबीन मात्र गोदामं भरून. त्यांनी सोयाच्या पिठाला एका वेगळ्या रेझिनची जोड दिली. हात पुसायचा कागद ओला झाल्यावर फाटू नये म्हणून कागद गिरण्या जे वापरतात, त्याच जातीचं.

दुसरा वेडेपणा एका कारखानदाराचा. कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या कंपनीनं २००५ च्या सुमारास आपल्या प्लायवूडमध्ये हा गोंद आणला. कॅलिफोर्नियानं फॉर्मल्डिहाइडवर कडक मर्यादा घातल्या त्या २००७ मध्ये, आणि अमेरिकेचा देशव्यापी कायदा झाला २०१० मध्ये. म्हणजे बडगा पडण्याआधीच हे लोक बदलले. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. २००७ मध्ये ली आणि त्यांच्या सहकारी कंपन्यांना अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खरं तर हे वेड जुनंच आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागातलं प्लायवूड सोयाच्याच गोंदानं चिकटत होतं. तो गोंद पाण्यात टिकेना, बुरशी धरे. मग कृत्रिम रेझिनं आली आणि पीठ विस्मरणात गेलं.

या गोंदाच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. सोयाचा गोंद दाट असतो, भुशावर फवारायला अवघड जातो. त्याचं जोडीदार रेझिन शेतात पिकत नाही, ते पेट्रोलियमच्याच घरचं. पण मुलांच्या झोपायच्या खोलीत वायू सोडणारा गोंद आणि न सोडणारा गोंद यांत मला निवड करायला वेळ लागत नाही.

आणि सोयाबीन आपल्याला परकं नाही. लातूरच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिन. तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मात्र खाद्यासाठी भाजलेली पेंड गोंदाला चालत नाही. जास्त उष्णतेनं प्रथिन पाण्यात मिसळेनासं होतं. कमी उष्णतेवर तेल काढून केलेलं पीठ लागतं. मराठवाड्यातल्या एखाद्या गिरणीमालकानं हे वेड मनावर घ्यावं, एवढीच माझी इच्छा आहे. शेतकऱ्याच्या मालाला तेल आणि पेंड यांच्यापलीकडचं एक गिऱ्हाईक मिळेल.

तोवर आपल्या हातात एक प्रश्न आहे. पुढच्या वेळी फर्निचर करून घ्याल तेव्हा दुकानदाराला जाडी आणि भाव विचारण्याआधी विचारा : "यातला गोंद कोणता?" "ई-झिरो आहे" असं उत्तर मिळालं, तर त्याचा अर्थ फॉर्मल्डिहाइड कमी आहे, मुळीच नाही असा नव्हे. गोंदात फॉर्मल्डिहाइड मुळीच न घातलेला माल मागा. आज मिळाला नाही तरी उद्या पुन्हा मागा.