संगमरवरावरचे कोटिंग काढण्याचा शास्त्रोक्त विधी

अधिकारी कोण? ज्याने लोह्यात घर बांधून बैठकीत मकराण्याचा संगमरवर घातला आणि ‘काचेवानी दिसायला पाहिजे’ म्हणत त्यावर मिस्त्रीकडून कोटिंग मारून घेतले, तो. म्हणजे आमचे अण्णा. इतरांनी वाचायला हरकत नाही.

नियम १. जमिनीवर पाण्याचा थेंब टाकून स्वस्थ बसावे. थेंब मुरून दगड गडद झाला, तर तिथले संरक्षण गेले. बसल्या बसल्या अण्णांनी ‘पाय धुतलास का?’ विचारल्यास ऐकू आले नाही असे दाखवावे.

नियम २. पापुद्रे सुटत असतील तर ते वरवरचे कोटिंग. दगडात मुरणाऱ्या सीलरला पापुद्रे नसतात. खालून ओल आली की कोटिंग पांढुरके होते, मग उठते. उठलेल्यावर दुसरा थर मारू नये. अण्णांनी मारला आहे.

नियम ३. संडासाचे अ‍ॅसिड, लिंबू, चिंच यांना बैठकीत मज्जाव. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग अ‍ॅसिडने जातात हे खरे. पण डाग चुन्याचा आणि दगडही चुन्याचाच, अ‍ॅसिडला त्यातला फरक कळत नाही. सीलर तेला-चहाचे डाग रोखतो, अ‍ॅसिडपुढे तोही हात टेकतो.

नियम ४. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते. खंडोबाहून परतलेले पाहुणे भंडाऱ्याच्या पायांनी येणारच. त्यांना उंबऱ्यावर थोपवून पाय तपासू नयेत. सख्खी आत्या होती हो ती! चहा न घेता गेली. हळदीच्या डागावर सोडा घासू नये, तो लाल होतो. मुलतानी मातीचा लेप द्यावा, त्यात मेडिकलमधले हायड्रोजन पेरॉक्साइड कालवावे. मुलतानी मातीचा लेप पुरातत्त्व खाते ताजमहालालाही देते. अण्णांच्या बैठकीला त्यात कमीपणा नाही.

नियम ५. संगमरवराला चालणारे स्ट्रिपर आणावे, आधी दाराआडच्या कोपऱ्यात लावून बघावे. खिडक्या उघड्या. खरवडायला प्लास्टिकची पट्टी, उलथणे नव्हे. मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे.

नियम ६. चमक पॉलिशच्या मशीनने दगडालाच आणावी. वर काही फासू नये.

नियम ७. वास्तविक हा पहिला. सतरंजी उचलावी. कोटिंग खराब होऊ नये म्हणून अण्णांनी ती भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली आहे. वहिनींनी एक टोक धरले आहे. अण्णा मधोमध मांडी घालून बसले आहेत.