हौशी मेकॅनिक मंडळींस एका गॅरेजवाल्याचे जाहीर आभारपत्र

समस्त हौशी मेकॅनिक मंडळींस,



जुनी मारुती आठशे स्वस्तात घ्यायची आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्यावर हात बसवायचा, हा जो उद्योग आपण आरंभला आहे, त्याबद्दल आमच्या धंद्यातले लोक मागून काहीबाही बोलतात. मी मात्र आपले जाहीर आभार मानायचं ठरवलं आहे. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जातात, तिथे त्यांना कॉम्प्युटर जोडतात. आमच्यासारख्यांकडे ऑइल बदली आणि ब्रेकचे लायनर एवढंच उरलं होतं. अशा वेळी आपण पाना हाती घेतलात.

निवड आपली उत्तम. आठशे १९८३ साली आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तरी नाना पेठेत हिंडलं की तिचे सुटे भाग मिळतात. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जुन्या मॉडेलला साधा कार्बोरेटर. बॉनेट उचललं की फटीतून खालचा रस्ता दिसतो, इतकी ऐसपैस जागा. शिकणाऱ्याला याहून गरीब गाय मिळायची नाही. फक्त धार काढताना आपण शिंगांपासून सुरुवात करता.

आमच्याकडे नवं पोरगं आलं की कित्येक महिने नुसते पार्ट धुतं. मग चाकं खोलतं, मग ऑइल बदलतं. कार्बोरेटर त्याच्या हाती लागायला वर्ष उलटतं. आपल्याकडे असला वेळकाढूपणा नाही. सकाळी गाडीने सुरू व्हायला जरा कुरकुर केली की आपण थेट कार्बोरेटर उतरवता. मिक्श्चरचा स्क्रू मुळात किती फेरे बाहेर होता, हे मोजून लिहून ठेवण्याचा भित्रेपणा आपल्या स्वभावात नाही. त्याच बैठकीत नवे प्लग टाकता, वायरी काढून पुसून परत खोचता, आणि हात काळे झालेच आहेत तर डिस्ट्रिब्युटर सैल करून टायमिंगही थोडं हलवता. मग सेल्फ मारता. गाडी ढिम्म.

आता या चारपैकी नडलं काय, ते शोधण्यात माझी दुपार जाते आणि त्या दुपारचे पैसे आपण देता. एक गोष्ट बदलायची, गाडी सुरू करून बघायची, बिघडली तर ती पहिल्यासारखी करायची आणि मगच दुसरीला हात लावायचा, असं आपण केलं असतं तर चुकेल त्यातून आपण शिकला असता आणि मला दुपारची झोप मिळाली असती. झोपेने पोट भरत नाही, म्हणून आभार.

प्लगच्या वायरींचं मला विशेष कौतुक वाटतं. तीन वायरी तीन जागी लावायच्या तऱ्हा सहा, बरोबर त्यातली एक. काढण्याआधी चिकटपट्टीवर एक, दोन, तीन लिहून डकवणं हे दोन मिनिटांचं काम. पण मग पाच चुकीच्या तऱ्हांशी आपली ओळख कशी झाली असती?

प्लगची गोष्ट जरा महाग पडते. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. त्यांचं भांडण झालं तर कोण जिंकणार, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. प्लग आधी उलटा फिरवायचा. आट्यात आटा पडल्याचं बोटांना कळतं. मग तो शेवटपर्यंत हातानेच आत न्यायचा आणि नवं वायसर टेकल्यावर पान्याने अर्ध्याहून किंचित जास्त फेरा द्यायचा. आपण पहिल्या फेऱ्यापासूनच गोटीपान्याला लांब दांडा लावता. तिरका शिरलेला प्लग जड जातो, आणि आपण म्हणता, वा, काय घट्ट बसतोय! तो बसत नसतो, जुने आटे खरवडून आपले नवे पाडत असतो. आमच्या पोराला हे शिव्या खाऊन कळलं. आपल्याला हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवल्यावर कळतं. लेथवाल्याने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

ऑइल फिल्टरचं जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर आपण नवा फिल्टर चढवला, तर दोन रबरांमधून तेल सुटतं. हे आम्ही लांबूनच ओळखतो, कारण आपण आलात त्या वाटेवर काळी रेघ असते. आठशेला तीन लिटरही ऑइल लागत नाही, पण कॅन साडेतीनचा आहे म्हणून तो रिकामा करणारे दानशूर बरेच आहेत. यावर जास्त बोलत नाही. या कामात मजुरी कमी.

ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतणाऱ्यांपुढे मात्र मी हात जोडतो. ब्रेक ऑइलला नावापुरतंच ऑइल म्हणतात. त्या जागी इंजिनाचं तेल गेलं की आतली रबरं फुगतात. मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरं बदला, पाइप धुवा, नवं भरा, हवा काढा. महिन्याचं भाडं सुटतं. पण ते बिल करताना माझा हात अडखळतो, कारण ब्रेक गेलेली गाडी नेहमीच टोचन लावून येते असं नाही. आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या रचलेल्या थरावर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्यांचे आभार मी मानणार नाही. वीट सांगून फुटत नाही. गाडीखाली लावायची लोखंडी घोडी घ्या, नसेल तर माझी न्या, भाडं नको.

आमचे धंदेबंधू म्हणतात, आपण आमच्या पोटावर पाय देता. मला उलट वाटतं. शिकाऊ पोराच्या चुकांचे पैसे आजवर गिऱ्हाईकच भरत आलं आहे, फक्त बिलात ते 'किरकोळ' या नावाने दिसायचे. आपण स्वतःच चुकता आणि स्वतःच भरता. मधला हिशेब वाचला.

तक्रार एकच. गाडी दारात आणून आपण म्हणता, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडली." साहेब, बोल्टाच्या गंजलेल्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतात. काय खोललं ते क्रमाने सांगितलंत तर मी हसणार नाही. फार तर आत जाऊन हसेन.

माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेल्या एक बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढतात, प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून जागच्या जागी खोचतात, आणि वहीत तारीख घालून लिहितात की आज फक्त पॉइंटची गॅप बदलली, चढावर गाडी आधीपेक्षा बरी ओढते. परवा त्यांनी मला वही दाखवून विचारलं, पुढे काय करू? मी दोन पानं वाचली आणि चहा मागवला. असे चार जण निघाले तर मला शटर ओढावं लागेल. सुदैवाने आपण बहुसंख्य आहात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गॅरेजवाला

ता. क. काल रात्री आमच्या दारात पांढरी आठशे ढकलत आणून सोडून जाणाऱ्यांनी कृपया ओळख द्यावी. चावी सापडली, कागदही आहेत. कार्बोरेटर मागच्या सीटवर पोह्यांच्या डब्यात मिळाला. त्याचा फ्लोट आणि दोन जेट डब्यात नाहीत. घरी ओट्यावर बघावं.