चाचणी-दोन

पर्यावरणप्रेमी नावाची एक जमात असते, असा वर्तमानपत्रांचा समज आहे. पुण्यात तरी ती मला अजून भेटलेली नाही. इथे टेकडीवाले भेटतात, नदीवाले भेटतात, पक्षीवाले, कचरावाले, मधमाशीवाले आणि सर्पमित्र भेटतात. झाडवाल्यांत तर पोटशाखा आहेत. लावणारे वेगळे, तोडू न देणारे वेगळे आणि झाडांना ठोकलेले खिळे उपटत हिंडणारे वेगळे. लावणाऱ्यांत पुन्हा देशीवाले आणि ‘काहीही लावा, पण लावा’वाले. यांचं एकमेकांशी पटत नाही, असं मी म्हणणार नाही. पटण्या-न पटण्यासाठी आधी बोलणं व्हावं लागतं.

प्रत्येकाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात म्हणे, पण आमच्याकडे ती वेळच येत नाही. चाळीस-पन्नास झाली की मतभेद होतात आणि दुसरा ग्रुप निघतो. मी यांतल्या बऱ्याच ग्रुपांत आहे. सकाळचा सूर्योदय सगळीकडे तोच, पाण्यात बसलेला वाघ तोच आणि त्याखालचा सुविचारही तोच. या सगळ्याखाली ‘रविवारी पाणी घालायला कोण येतंय?’ हा एक कामाचा निरोप गाडला जातो. त्याला उत्तर म्हणून बुधवारी कोणीतरी जोडलेले दोन हात पाठवतं.

संकट आलं की मात्र सगळे एक होतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात नदीकाठची झाडं वाचवायला ‘चिपको’ मोर्चा निघाला. तेव्हा हे सगळे वाले एका रांगेत चालले, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यायले, एकमेकांचे नंबरही घेतले. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने तो नंबर ‘टेकडी मोर्चा टोपीवाले’ असा साठवून ठेवला आणि परत कधी लावला नाही.

मग एकदा पावसाळ्याच्या तोंडावर व्हायचं ते झालं. एकाच उतारावर, एकाच रविवारी, दोन गट रोपं घेऊन हजर झाले. खड्डे तिसऱ्याच गटाने खणून ठेवले होते आणि तो गट पुढच्या रविवारी येणार होता. त्या दिवशी टेकडीवर झालेलं संभाषण मी इथे देत नाही. मोर उडून गेले एवढं सांगितलं तरी पुरे. पण त्यातून एक ठराव निघाला की सगळ्यांची मिळून इंटरनेटवर एक जागा हवी. कोण कुठे काय करतंय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. ठराव एकमताने मंजूर झाला. मग करणार कोण, या प्रश्नावर सगळे पायाखालचं गवत बघू लागले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “मॅडम बँकेत होत्या. त्यांना एक्सेल येतं.”

मराठी सार्वजनिक जीवनात एक्सेल येत असेल तर ते चारचौघांत कळू देऊ नये. पूर्वी अक्षर बरं असणाऱ्याला इतिवृत्त लिहायला बसवत. आता एक्सेल येणाऱ्याला आयुष्यभर बसवतात. मी माझ्या भाच्याला पकडलं. तो संगणकातला, घरून काम करणारा, म्हणजे आमच्या दृष्टीने रिकामाच. तो म्हणाला, “मावशी, सोपं आहे. दोन शनिवार-रविवारचं काम.” तरुण माणसं आशावादी असतात, हे देशाच्या दृष्टीने चांगलंच आहे.

पहिली बैठक एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरली. चहा कागदी कपांत आला. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं पातळ अस्तर असतं, याकडे कचरावाल्यांनी लक्ष वेधलं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत काय बसतं आणि काय बसत नाही, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा झाली. ज्यांनी घरून स्टीलचा पेला आणला होता ते चहा प्यायले. बाकीचे तत्त्वाला धरून राहिले.

त्या दिवशी संकष्टी असल्याने खायला साबुदाण्याची खिचडी होती. बशी हातात घेऊन देशीवाल्या काकांनी विषयाला हात घातला. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, आणि आपल्या टेकड्यांवर त्यांनी बस्तान बसवलंय. सगळं खरं आहे. गिरिपुष्पाच्या दाटीत दुसरं काही धड वर येत नाही, हे मीही फिरायला जाते तेव्हा बघते. पण समोर बसलेल्या एका काकू वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. मिरची मेक्सिकोकडची.” काकांनी बशीकडे पाहिलं. मग “तूप देशी आहे,” म्हणाले आणि आणखी खिचडी वाढून घेतली.

नावाचा प्रश्न निघाला. वसुंधरा, सृष्टी, निसर्ग, अरण्य आणि हरित हे शब्द कोणा ना कोणाच्या लेटरहेडवर आधीपासून होते आणि ज्याचा शब्द घेतला नाही तो उठून जाणार होता. उपसमिती नेमली. तिची अजून बैठक व्हायची आहे. भाच्याने कामापुरतं ‘चाचणी-दोन’ असं नाव देऊन ठेवलं होतं, तेच रुजलं. आता नदीवाले आजोबाही फोनवर “चाचणी-दोनवर टाकलंय, बघून घ्या” असं सांगतात. चाचणी-एकचं काय झालं? तिच्यात कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना ॲडमिन केलं होतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी एकमेकांना काढून टाकलं. शेवटी उरलेला ॲडमिन कोण हे कळेना आणि तोही पासवर्ड विसरला.

पक्षीवाल्यांना हा सगळा खटाटोपच मान्य नव्हता. त्यांच्याकडे ई-बर्ड आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेलं, जगभरचे पक्षी जगभरची माणसं त्यात नोंदवतात. झाडं-किडे-फुलपाखरांसाठी आयनॅचरलिस्ट आहे, आपल्या देशाचं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आहे. “मग तुमचं कशाला?” वनस्पतिशास्त्रवाल्या काकूंनी त्यात भर घातली, की २००२ च्याच जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे, म्हणजे नोंदी ठेवायला सरकारी वहीसुद्धा आहे. मी जरा चाचरले. तेव्हा मागच्या रांगेतून एक टेकडीवाले म्हणाले, “त्या सगळ्यांत टेकडीवरच्या टाकीची किल्ली कोणाकडे आहे ते लिहिलेलं असतं का?”

लिहिलेलं नसतं. तांबट पिंपळावर बसला की उंबरावर, हे साऱ्या जगाला कळायची सोय झालेली आहे. पण रोपांच्या पाण्यासाठी वर बसवलेल्या टाकीची किल्ली कोणाकडे आणि ते गावाला गेले तर कोणाकडे, हे पुण्यात फक्त एका माणसाला माहीत असतं आणि तो फोन उचलत नाही. चाचणी-दोनचं पहिलं पान त्या क्षणी ठरलं. आजही सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान तेच आहे.

नकाशा करताना खरी मजा आली. भाच्याने फॉर्ममध्ये ‘ठिकाण’ हा रकाना सक्तीचा केला होता. पक्षीवाल्यांनी घुबडाच्या घरट्याची नोंद केली आणि ठिकाण म्हणून ‘पुणे’ लिहिलं. विचारलं, तर म्हणाले, नेमकी जागा सांगितली की उद्या तिथे वीस कॅमेरे जमतील. ते बरोबरच होतं. ई-बर्डवरही नाजूक पक्ष्यांची जागा झाकून ठेवतात. तोडू न देणाऱ्यांनी जुन्या वडाची जागा सांगायला नकार दिला. बिल्डरलोकही इंटरनेट वाचतात, असं त्यांचं म्हणणं. मधमाशीवाल्यांना पोळ्याची जागा मध काढणाऱ्यांपासून लपवायची होती. उलट कचरावाल्यांना प्रत्येक ढीग फोटोसकट, वेळेसकट, शक्य झाल्यास टाकणाऱ्याच्या स्कूटरसकट नकाशावर हवा होता. परिणामी आमच्या शहराचा जो पहिला नकाशा तयार झाला, त्यात पुण्यात एकही झाड, पक्षी किंवा माशी नव्हती. फक्त कचरा होता.

भाचा म्हणाला, “मावशी, हा नकाशा महापालिकेला दाखवू नका. ते म्हणतील, वाचवायचंय काय?” मग त्याने दोन थर केले, एक सर्वांना दिसणारा आणि एक फक्त आपसात. आपसातल्या थरात कोणाला घ्यायचं, यावर अजून बोलणी चालू आहेत.

झाडांच्या संख्येचा रकाना तर मी उघडायलाच नको होता, असं काहींचं मत आहे. आपल्याकडे आकड्यांची चटक वरपासून आहे. राज्य सरकारने २०१६ च्या १ जुलैला २ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं आणि पुढल्या तीन वर्षांत ते ४, १३ आणि ३३ कोटींवर गेलं. तेव्हा आमच्या गटांनी हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. एका उतारावरचे सगळ्यांचे दावे मी एक्सेलमध्ये एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली. त्या हिशोबाने उतारावर माणसाला उभं राहायला जागा नव्हती. मी नुसती बेरीज सर्वांना पाठवली, खाली एक अक्षर लिहिलं नाही. बँकेत शिकलेली ही एक गोष्ट: आकडा बोलत असताना आपण बोलू नये. दोन दिवस शांतता. मग एकेक जण “आमची काही जळाली असतील” म्हणत खाली उतरू लागला. तेव्हा आणखी एक रकाना वाढवला: ‘यांतली आज जिवंत किती’. या रकान्याला भाचा गमतीने सत्यशोधन समिती म्हणतो.

पण याच रकान्याने सगळ्यांची वरात खऱ्या दुखण्यापाशी आणून सोडली. लावायची हौस सगळ्यांना ५ जूनला येते. पुण्यात मोसमी पाऊस यायचा तो साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात; म्हणजे जागतिक पर्यावरणदिनी फोटोसाठी लावलेलं रोप आधी काही दिवस ऊन खातं. तेही निभतं, कारण पुढचे चार महिने आभाळ फुकट पाणी घालतं. दिवाळीनंतर ते थांबतं. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे, आणि तीही एकदा नाही, निदान दोन-तीन उन्हाळे. चाचणी-दोनच्या दिनदर्शिकेत जून-जुलैचे सगळे रविवार आठवड्याभरात भरले. मार्चपुढचे रविवार पांढरेशुभ्र.

एक सांगितलं पाहिजे की या पांढऱ्या रकान्यांनी काम केलं. व्हॉट्सॲपवर बुडालेला निरोप कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. रिकामा रविवार खुपतो. ‘मार्चचा दुसरा रविवार: कोणी नाही’ असं सगळ्यांसमोर दिसायला लागल्यावर खिळेवाल्यांनी तो घेतला. लगेच देशीवाल्यांनी तिसरा घेतला, कारण खिळेवाले पुढे गेले हे बघवेना. आता सकाळी टेकडीवर पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन धापा टाकत चढणारी माणसं दिसतात, आणि त्यांतली निम्मी दुसऱ्या गटाच्या नाकावर टिच्चून चढतात.

दुसरं कामाचं पान निघालं झाडांवरच्या नोटिसांचं. १९७५ च्या कायद्याने झाड तोडायचं तर त्याच्यावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. नोटीस लागतेच, पण खोडाच्या अशा बाजूला, जिथे फक्त सरडा जातो. आता ज्याला दिसेल तो फोटो टाकतो. कचरावाल्या ताई रोज पहाटे गल्लीबोळ पालथे घालतात. सगळ्यात जास्त नोटिसा त्यांनाच सापडतात. हरकत कशी लिहायची ते तोडू न देणाऱ्यांना पाठ आहे. झाडाचं वय काकू सांगतात. ते पन्नाशीच्या पुढे गेलं की २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे ते वारसावृक्ष ठरतं, आणि मग कागदाला वजन येतं. फांदीवर घरटं आहे का, हे पक्षीवाले बघून येतात, फक्त कोणत्या फांदीवर ते सांगत नाहीत. यांतल्या कोणालाच दुसऱ्याचं काम येत नव्हतं, आणि दुसऱ्याला येतं हेही माहीत नव्हतं.

लोक विचारतात, मग झाले का सगळे एक? छे. वाड्यात सार्वजनिक नळावर जशी भांडणं व्हायची तशी आमची रोज होतात. पण त्या नळावर कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोणाची म्हातारी आजारी आहे हेही कळायचं. पूर्वी हे लोक आपापल्या ग्रुपात, एकमेकांच्या पाठीमागे, एकमेकांबद्दल बोलायचे. आता सगळ्यांसमोर, नावानिशी, तारखेसकट भांडतात, आणि भांडता भांडता किल्ली कोणाकडे आहे ते सांगून टाकतात. गेल्या महिन्यात एका करंजाला दोन गटांनी एकाच दिवशी पाणी घातलं आणि ‘आमच्या झाडाला तुम्ही का घातलं’ यावर चाचणी-दोनवर रात्री अकरापर्यंत जुंपली होती. करंजाचं बरं चाललंय.

तुमचा गट कुठलाही असो, चाचणी-दोनवर जागा आहे. एप्रिलचे दोन रविवार अजून मोकळे दिसतात. भांडायला जरूर या. येताना पाच लिटरचा कॅन भरून आणा, कारण टाकीच्या किल्लीवाले त्या आठवड्यात कोकणात जाणार आहेत.