मापात!

जरा अति झालं की ज्यांचा जीव वरखाली होतो, अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतीलच. आमच्या डोंबिवलीतल्या ताई पार्लर चालवतात. आयलॅश एक्स्टेन्शन ही त्यांची खासियत आणि ‘मापात!’ हे पालुपद.

भाचीला लग्नाआधी त्यांच्याकडे घेऊन गेले. जूनची कुंद हवा. ताईंनी आधी भिंतीवरचं ओलाव्याचं मीटर बघितलं नि एसी लावला. हा ग्लू फेविक्विकच्याच कुळातला, सायनोअ‍ॅक्रिलेटचा. हवेतल्या ओलीनेच तो आवळतो, त्यामुळे पावसाळ्यात पापणीला टेकण्याआधीच वाळून बसतो. गुळगुळीत हिरव्या दगडावर एक थेंब. त्यात लॅशचं बूड बुडवायचं आणि सावकाश, फार सावकाश बाहेर काढायचं. घाईने ओढलं की टोकाला मणी धरतो. मणी दिसला की ‘मापात!’ म्हणत तो पुसायचा. ग्लू कमी पडला तर लॅश उशीवर सापडते. जास्त झाला तर शेजारच्या पापण्या एकमेकींना धरून बसतात आणि मुळं ओढली जातात. भाची दोन तास डोळे मिटून आडवी. मध्येच पुटपुटली, “ताई, जरा भरगच्च...” उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

हळदीकुंकवाला ताई अत्तर असं लावतात की मनगटाला पत्ता लागू नये. वरणभातावर तूप वाढतानाही चमचा तसाच सावकाश उचलतात. एकदा यजमान फेविक्विकने चपलेचा अंगठा चिकटवायला बसले आणि अर्धी ट्यूब ओतली. चिकटला तो त्यांचा स्वतःचा अंगठा, चपलेसकट. ताईंनी अ‍ॅसिटोनने तो सोडवला, पण आधी समोर बसून चहा संपवला. अर्धा कप.

हल्ली समोर नवं पार्लर निघालंय. ‘अर्ध्या तासात फुल व्हॉल्यूम!’ तिथून लाल डोळे आणि गुठळ्या झालेल्या पापण्या घेऊन मुली ताईंकडे येतात. ताई रिमूव्हर लावून एकेक पापणी मोकळी करतात. समोरच्या पार्लरबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मीच चिडले, “सांगा की सगळ्यांना!”

“माझ्याकडेच शिकली ती पोरगी,” ताई म्हणाल्या. “हात चांगला आहे गं. पण गाळ्याचं भाडं, कर्जाचे हप्ते... एकीला दोन तास देणं तिला परवडत नाही.” मग काचेतून पलीकडे बघत, “गेल्या दिवाळीला ओलाव्याचं मीटर दिलं तिला. खोक्यातच आहे अजून. इथून दिसतं.”