एका डिस्कवर तीन चुली

2001 साली विंडोज एक्सपी आली आणि एकाच संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा वॉलपेपर, वेगळा पासवर्ड ही पद्धत घरोघरी रुजली. नव्या प्रोग्रॅमची भांडी कुठे मांडायची, हे मात्र बरेच इन्स्टॉलर आजही विचारतात: ‘सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी?’

घाईत ‘फक्त माझ्यासाठी’च दाबलं जातं.

मग प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या सामायिक माजघरात न जाता त्या खात्याच्या ‘अ‍ॅपडेटा’त, म्हणजे मुळातच लपवलेल्या कोनाड्यात जाऊन बसतो. आईच्या खात्यात आयकॉन दिसत नाही, म्हणून ती तोच प्रोग्रॅम पुन्हा डाउनलोड करते. मुलगीही करते. एका डिस्कवर तीन प्रती, आणि अपडेटही तीनदा!

साध्या खात्यातून ‘सर्वांसाठी’ निवडलं, तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो फक्त बाबांना माहीत असतो. बाबा तो विसरलेले असतात.