शर्विलकाचा अभ्यासक्रम

न्यायनिवाडा करायला पदवी लागते, हे आमच्या उज्जैनला अजून मनापासून पटलेलं नाही. इथली कथाच मुळी अशी की विक्रमादित्याचं सिंहासन जमिनीखाली गाडलं गेलं, वर टेकाड झालं, आणि त्या टेकाडावर जाऊन बसलेला गुराख्याचा पोरगासुद्धा अचूक निवाडे देऊ लागला. त्याला बारावीचे गुण कुणी विचारले नाहीत. खाली उतरला की पुन्हा आपला गुराखी.

हल्ली त्या टेकाडाचं काम टावर चौक बघतो. फ्रीगंजात सकाळी हातात पोह्यांची प्लेट, वर शेव आणि जिरावण, शेजारी जिलबी, एवढी सामग्री जमली की माणसाच्या अंगात न्यायाधीश संचारतो. कुणाच्या भाडेकरूने घर सोडावं, कुणाच्या जावयाला आत टाकावं, सगळं जिलबी गार व्हायच्या आत निकाली निघतं. अपिलाची सोयही आहे. संध्याकाळी चाटच्या गाड्या लागल्यावर दुसरं खंडपीठ बसतं.

अशा गावात माझ्या भाचीने बारावीनंतर क्रिमिनॉलॉजी करायचं जाहीर केलं. ताई घाबरली. म्हणाली, "हिला टावरवर घेऊन जा आणि चार माणसांना विचार." टावरवर चार माणसांना विचारलं की सहा मतं मिळतात, हे ताईला माहीत असूनही.

वकीलमित्र म्हणाले, "काळा कोट हवा असेल तर एलएलबीच लागेल. या पदवीवर कोर्टात उभं राहता येणार नाही." निवृत्त हेडसाहेब म्हणाले, "फौजदार व्हायचंय? त्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. संस्कृत घे, गृहविज्ञान घे." म्हणजे गुन्हा, पोलीस, तुरुंग आणि न्याय यांचा रीतसर अभ्यास करून जी पदवी मिळते, तिच्याशिवाय पोलीसही होता येतं आणि वकीलही. पोहेवाल्याने मात्र मुद्द्याला हात घातला. "भैया, इसमें पढ़के चोर बनते हैं या पुलिस?" हा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

माहितीपत्रकं मी वाचली. आपल्याच राज्यात सागर विद्यापीठात 1959 पासून गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग आहे. देशातल्या अगदी जुन्या विभागांपैकी तो एक. गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ 2020च्या कायद्याने उभं राहिलं आणि त्याचं एक केंद्र भोपाळलाही आलं. फॉरेन्सिकचा रस्ता धरायचा तर बारावीला विज्ञान हवं. निव्वळ गुन्हेशास्त्राच्या बी.ए.ला बहुतेक ठिकाणी कुठलीही शाखा चालते. नव्या शिक्षण धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांना निदान 120 क्रेडिट आणि चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर 160. विषय बघून तर मलाच प्रवेश घ्यावासा वाटला: माणूस गुन्हा का करतो, दंडसंहिता, पोलीस प्रशासन, तुरुंग व्यवस्था, पीडितांचं शास्त्र. भाचीची बोटं यादीवरून भराभर खाली चालली होती, ती 'संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र' इथे थबकली. अमेरिकेतल्या मावसभावाला फोन करून पाहिला. तिकडेही क्रिमिनल जस्टिसच्या पदवीला साधारण 120च क्रेडिट, आणि संख्याशास्त्र तिकडेही पाठ सोडत नाही. गणिताच्या भीतीने फरार झालेल्याला सातासमुद्रापलीकडेही आसरा नाही.

वर दंडसंहिता बदललेली. 1 जुलै 2024 पासून 511 कलमांचा जुना कायदा गेला आणि 358 कलमांची भारतीय न्याय संहिता आली. हेडसाहेबांची सगळी हयात तीनशेदोन आणि चारशेवीस म्हणण्यात गेलेली. आता खून 103 मध्ये आणि फसवणूक 318 मध्ये. त्यांना ते अजून घर बदलल्यासारखं वाटतं. रात्री उठून पाणी प्यायला निघाले की कपाटावर आपटतात.

आमच्याकडच्या मराठी घरांना पोलीस खातं काही परकं नाही. ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसांतले माधवराव मुक्तिबोध नोकरीनिमित्त उज्जैनात राहिले. त्यांचा एक मुलगा, गजानन, हिंदीतला मोठा कवी झाला आणि दुसरा, शरच्चंद्र, मराठीतला. पोलीस अधिकाऱ्याच्या घरात दोन-दोन कवी शिरले आणि पंचनामा कुणी केला नाही. ही हकीकत मी ताईला धीर द्यायला सांगितली. तिला ती धमकी वाटली.

शेवटी मी भाचीच्या हातात 'मृच्छकटिक' ठेवलं. शूद्रकाचं नाटक, घडतं आमच्याच उज्जयिनीत, आणि देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणून गातं केलं. क्रिमिनॉलॉजीचा एवढा जुना आणि एवढा हसवणारा अभ्यासक्रम दुसरा नसेल.

त्यातला शर्विलक हा चोर शिकलेला आहे. चार वेदांच्या जाणकाराचा मुलगा, गुरूंची परंपरा सांगणारा. भिंत पक्क्या विटांची असेल तर विटा ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, माती असेल तर भिजवावी, लाकूड असेल तर फोडावं, ही थिअरी त्याला पाठ. भोकाचे सात आकार: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, असं करत करत पूर्णकुंभापर्यंत. पक्क्या विटांना पूर्णकुंभच शोभेल, असा निर्णय तो भिंतीसमोर उभा राहून घेतो. मग लक्षात येतं की माप घ्यायची दोरी घरी राहिली. म्हणून जानव्याने मोजतो, आणि वर ब्राह्मणाला जानवं किती उपयोगी, यावर छोटंसं व्याख्यानही देतो. प्रात्यक्षिक परीक्षेत याला कुणीही पैकीच्या पैकी दिले असते. कहर म्हणजे घरमालक चारुदत्त जागा झाल्यावर आधी त्या भोकाच्या कारागिरीचं कौतुक करतो.

आज हीच चोरी झाली असती तर? राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि नवीन नागरिक सुरक्षा संहिता म्हणते की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची सवड आहे. म्हणजे माझी भाची पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा पूर्णकुंभाचे फोटो काढायला कुणीतरी लागणारच. हा मुद्दा ताईला पटला. "म्हणजे सरकारी नोकरी?" एवढंच तिने विचारलं.

नवव्या अंकात कोर्ट आहे. तिथे न्यायाधीश आपल्या पदाची पात्रता स्वतःच सांगतो: शास्त्र जाणणारा, कपटाचा माग काढणारा, बोलण्यात तरबेज पण न चिडणारा, मित्र-परका-नातलग एका मापाने मोजणारा, दुबळ्यांना सांभाळणारा, लोभ नसलेला. आणि यादीच्या शेवटी, राजाचा राग घालवणारा. ही शेवटची अट कुठल्या पेपरात येते, भाचीने विचारलं. मला सांगता आलं नाही.

या पात्रतेचा उपयोग किती? शकार येतो, राजाचा मेहुणा. त्याची पात्रता तेवढीच. चारुदत्ताने आपल्या प्रेयसीचा, वसंतसेनेचा, बागेत खून केला, असा त्याचा आरोप. माझा खटला आज घेतला नाहीत तर राजाला सांगून तुम्हाला काढीन, दुसरा न्यायाधीश बसवीन, असं तो बजावतो, आणि खटला आजच्या आज बोर्डावर येतो. मग वीरक हा पोलीस अधिकारी बागेत जाऊन येतो आणि सांगतो की श्वापदांनी खाल्लेलं बाईचं प्रेत पाहिलं. बाईचं कशावरून? उरलेल्या केसांवरून आणि हातापायांवरून. ती वसंतसेनाच कशावरून, हे विचारायला तिथे कुणी क्रिमिनॉलॉजीचा पदवीधर नव्हता. वसंतसेना जिवंत आणि चारुदत्त सुळाकडे. न्यायाधीश हद्दपारी सुचवतो, राजा देहदंड फर्मावतो.

"शेवटी कुणाचं काय झालं?" भाचीने प्लेसमेंटच्या काळजीने विचारलं. सांगितलं. शर्विलक बंडखोरांबरोबर राहिला, राज्य पालटलं आणि तो नव्या राजाच्या आतल्या गोटातला माणूस झाला. पळालेल्या कैद्याला ओळखूनही सोडून देणारा चंदनक सगळ्या पोलिसांचा प्रमुख झाला. शकाराला चारुदत्ताने माफ केलं.

"आणि तो सगळ्या अटी पूर्ण करणारा न्यायाधीश?"

त्याचं शूद्रकाने काही लिहिलेलं नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे? आणि संख्याशास्त्राला शिकवणी कुणाची लावायची?"